ओकारीचा शकुन

ताई काच कापते. दुकानात तिच्याइतका सरळ हात कोणाचाच नाही, असं मालक गिऱ्हाइकांना सांगतात. पगारवाढीच्या वेळी मात्र त्यांना ते आठवत नाही. काचेवर पट्टी धरायची, कटर ओढायचा, कडेला धरून टक् करायचं, काचेचे दोन तुकडे. कटर एकदाच. त्याच रेघेवरून पुन्हा नेला, तर काच वाटेल तिथे तडकते.

पण सामन्याच्या सकाळी याच हातांना कपात चहा ओतता येत नाही. निम्मा बशीत, निम्मा ओट्यावर. आई फडकं पुढे करते.

ताई आमच्या भागातल्या मुलींच्या फुटबॉल क्लबची गोलकीपर. सामना जवळ आला की तिचे तळहात गार पडतात, मांड्यांत कुणी वाळू भरल्यासारखी ती चालते आणि जांभया तर एकीला लागून एक. त्यावर आमचे कोच, म्हणजे मास्तर, ज्यांचं एकही वाक्य 'तात्पर्य'शिवाय सुरू होत नाही, ते म्हणतात, "तात्पर्य काय, झोप झालेली नाही." झोप झालेली असते. शरीर आपलं घाबरलं की जांभया देत सुटतं.

मग मैदानाशेजारची खोली आणि खोलीतलं बाथरूम. ताई आत जाते, नळ सोडते. नळाला न जुमानता तो आवाज येतोच: आधी थंडीत गारठलेली मोटरसायकल किक मारूनही सुरू होऊ नये तसा, मग एकदम सुरू व्हावी तसा. मी तो हुबेहूब काढते. घरात काढायला बंदी आहे.

बाहेर अख्खी टीम कान देऊन उभी असते. आवाज आला की कप्तान म्हणणार, "झालं. जिंकलो." की सगळ्या बूट बांधायला मोकळ्या. कधीतरी ताई ओकली आणि टीम जिंकली. पुढच्या वेळीही तसंच झालं. मग रीतच पडली. ताईला पाणी न्यावं असं कुणाला सुचलं नाही. शकुनाला कुणी पाणी विचारतं का?

फायनलच्या आधी ताई डॉक्टरीणबाईंकडे गेली. म्हणाली, "मला कायमचं बरं नाही झालं तरी चालेल. एकदाच, एक सामना माझ्या स्वतःच्या हातांनी खेळायचाय."

डॉक्टरीणबाई नाकातून बोलतात, पण बोलल्या नीट. "अगं, पोटाला कुठे कळतंय समोर वाघ आहे की चेंडू. ते रक्त पायांकडे धाडून मोकळं होतं, पळ म्हणून. पोट रिकामं, हात गार. त्याच्याशी भांडू नकोस. श्वास सोड सावकाश, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ."

ताई घरी आली ती हसतच. कटर ओढताना ती नेमकं तेच करते, आणि ते तिला कधी कळलंच नव्हतं. मग रोज संध्याकाळी दारापुढे मी चेंडू मारायचे आणि ती चेंडूकडे बघत काचेवर रेघ ओढावी तसा श्वास सोडायची.

फायनलच्या दिवशी ताई बाथरूममध्ये गेली. नळ सुटला. नळ बंद झाला. ताई तोंड पुसत बाहेर आली.

"झालं?" कप्तानने विचारलं.

"नाही. आज काही नाही."

कुणी बूट उचलला नाही. बचावात खेळणारी खांब, उंच म्हणून तिचं हे नाव, ती भिंतीला टेकली. "म्हणजे आज..."

"गप गं," कप्तान म्हणाली आणि ताईला बाजूला घेतलं. माझ्यापासून हातभर. "बोट घाल ना घशात. दोन मिनिटांचं काम. पोरींकडे बघ जरा."

ताईने पोरींकडे बघितलं. मग आपल्या हातांकडे. ते गार नव्हते.

"नाही घालणार."

"एकदाच."

"बरोबर. एकदाच मागितलंय मीसुद्धा," ताई म्हणाली आणि हातमोजे चढवले.

सुरुवातीलाच आमच्यावर गोल झाला. साधा चेंडू होता, खांबच्या पायाशी आलेला, पण तिचा पाय उठलाच नाही. त्यानंतर गोलवर जे आलं ते ताईने अडवलं. एक चेंडू तर तिने असा अलगद खाली घेतला, जणू दुकानात मोठा आरसा उतरवतेय.

मध्यंतरात मास्तर म्हणाले, "तात्पर्य काय..." आणि थांबले. तात्पर्य सापडेना.

मग खांबच बोलली. "माझी बोटं बधिर झालीत. पायांची. नेहमी होतात, पण थोडी. ताई ओकली की जातं ते."

"माझ्या कानात घूं होतं," दुसरी म्हणाली.

तिसरीने नुसती मान हलवली; तिची बाथरूमची तिसरी फेरी झाली होती. सगळ्यात शेवटी कप्तान, जी रेफ्रीवरही डाफरते, ती बुटांकडे बघत म्हणाली, "मला कडेचं दिसत नाही. नुसतं समोरचं. बोगद्यातून बघावं तसं."

आतापर्यंत हे सगळं ताईच्या एकटीच्या पोटातून बाहेर पडत होतं.

ताईने त्यांना श्वास शिकवला नाही, तेवढा वेळच नव्हता. खांबचे बूट सोडले, तळवे चोळले, पुन्हा बांधले. नाडीची गाठ पहिल्या फटक्यात बसली.

फायनल आम्ही त्या एका गोलने हरलो. परत येताना बसमध्ये कप्तान आपली बॅग ताईच्या मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसली. घरी ताईने न सांडता चहा ओतला. आई कपाकडे बघत राहिली. मग ताई रडली.

नव्या हंगामाचा पहिला सामना आला. तीच खोली, तोच नळ. आतून आवाज येऊ लागला, पण मोटरसायकल निराळी. ही कप्तान होती. बाहेर पोरी सवयीने कान देऊन उभ्या राहिल्या. खांबने तोंड उघडलं, "झालं, जिं..." आणि मिटलं.

ताई भांडंभर पाणी घेऊन आत गेली. दार उघडंच राहिलं. एका हाताने तिने कप्तानचं कपाळ धरलं होतं, दुसऱ्याने पाठ.

"येऊ दे," ती म्हणत होती. "सावकाश. मी आहे इथे."