वाकड्या मुठीचा सुरा

त्या सुऱ्याची वाकडी मूठ माझा तळहात अजून विसरलेला नाही. जालना जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी अधिकारी होतो. एका शेतकऱ्यावर त्याच्याच कपाशीत सुऱ्याने वार झाले होते. जखमी दवाखान्यात बेशुद्ध होता. शेजारच्या शेतमालकाने फिर्याद दिली, की एका मेंढपाळाला पळताना आपण डोळ्यांनी पाहिलं. कपाशीत मेंढरं शिरली म्हणून सकाळीच त्या मेंढपाळाचं जखमीशी भांडण झालं होतं. गावाला आणखी काय पुरावा लागतो? खरं तर मलाही लागला नाही.

मेंढपाळाला अटक केली, पोलीस कोठडी घेतली. "साहेब, त्यो सुरा माझा न्हाई," एवढंच तो सांगत राहिला. सगळेच आरोपी असं म्हणतात म्हणून मी कानाआड केलं. त्याची बायको तान्हं लेकरू घेऊन रोज ठाण्याच्या फाटकाशी बसायची. आत जाता-येता मी तिच्याकडे बघायचं टाळत असे.

कपाशीत सापडलेला, मुद्देमालातला सुरा मात्र मला स्वस्थ बसू देईना. तो बाजारातला नव्हता. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून घडवलेलं सुरेख पातं, पण लाकडी मूठ एका अंगाने खोल दबलेली. शेवटी एका खबऱ्याने सांगितलं, की अंकुशनगरच्या रस्त्याला ऊसतोडीचे कोयते करणारा एक म्हातारा लोहार आहे, तो आधी कागदावर चित्र काढतो आणि मगच सुरा घडवतो.

लोहाराला ठाण्यात आणलं. त्याने सुरा पाहिला आणि मान हलवली. "माझा न्हाई." पोलिसांच्या भानगडीत पडायला कोणाला आवडतं? चहा पाजला, दरडावलं, पण बाबा बधेना. मी वैतागून हवालदाराला म्हणालो, "पातं झकास आहे, पण मूठ पार बिघडवली बघा. शिकाऊ माणसाचं काम दिसतंय."

हा काही माझा डाव नव्हता. मला खरंच तसं वाटत होतं. म्हातारा मात्र ताडकन उठला.

"बिघडवली? चाळीस सालं भट्टीपुढं बसून राह्यलो म्या! ती मूठ बराबर हाय. ज्याची हाय त्याच्या हातात देऊन बघा, बिलकुल हलणार न्हाई!"

बोलून गेल्यावर तो मटकन खाली बसला. मी हसू दाबलं आणि जीप काढायला सांगितली.

भट्टीवर त्याने पत्र्याच्या डब्यातून एक कागद काढला. गिऱ्हाइकाचा पंजा कागदावर ठेवून तो भोवती पेन्सिल फिरवतो, शेजारी सुऱ्याचं चित्र काढतो आणि पंजाच्या मापाने मूठ कोरतो. या कागदावरच्या पंजाचा अंगठा अर्धाच होता. तो अंगठा मी पाहिला होता. कडबाकुट्टीच्या यंत्रात तुटलेल्या त्याच अंगठ्याच्या हाताने फिर्यादीने माझ्यासमोर सही केली होती.

फिर्यादीला बोलावून पंचांसमोर त्याचा हात कागदावर ठेवला. रेघ जुळली आणि त्याने वार आपणच केल्याचं कबूल केलं. जखमीशी त्याचा वाद बांधाचा होता. सकाळचं भांडण कानावर आल्यावर त्याने गुन्हा मेंढपाळाच्या गळ्यात अडकवला होता.

कोर्टात बचावाच्या वकिलाने लोहाराला विचारलं, "हा सुरा तूच केलास कशावरून?" म्हातारा छाती काढून म्हणाला, "असलं काम करणारा दुसरा कोणी असंल तर आणा की त्याला!" त्या क्षणी आम्हा दोघांची मान सारखीच ताठ होती.

या तपासाबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. त्याचा अभिमान आजही आहे, खोटं कशाला बोलू? पण सुटकेच्या दिवशी मेंढपाळाने आपले दोन्ही धडधाकट हात माझ्यापुढे धरले होते.

"साहेब, धा दिवस हे हात तुमच्यासमोरच व्हते. त्यो सुरा एकदा माझ्या हातात देऊन बघायचा ना."

 त्याने बायकोच्या कडेवरचं लेकरू घेतलं आणि तो फाटकाबाहेर पडला. त्यानंतरच्या नोकरीत "माझा नाही" म्हणणाऱ्याचं म्हणणं मी आधी तपासलं आणि कोठडीचा कागद नंतर लिहिला.