आईची फुंकणी आणि होडीचं इंजिन

मुलांनो, आज कॉफीत दूध ओतलं आणि पाचूबंदरचं आमचं अंगण आठवलं. बाबांनी होडीच्या जुन्या इंजिनातून काढलेलं तेल अगदी याच रंगाचं होतं.

"पानी शिरलंय. विकून टाकतो, शीडच बरं," बाबा म्हणाले.

"शिरलं कुठून, ते तरी बघा!" म्हणत आईने चुलीजवळची फुंकणी आणली. इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या घंगाळात बुडवून, तेल काढायच्या दोन भोकांपैकी एकाला फुंकणी लावून तिने फुंकलं. दुसरं मी बोटाने दाबून धरलं. होडी ढकलणाऱ्या पंख्यामागून बुडबुडे आले, म्हणजे पाणी तिथूनच शिरत होतं. तिथे जाळ्याचा दोरा गुंडाळला जाऊन पाणी अडवणारं रबर कापलं गेलं होतं.

"तुमच्याच जाळ्यानं दगा दिला की!" आई हसली.

नवं रबर बसलं, इंजिन विकलं गेलं नाही, घरातच राहिलं. पुढे कॉलेजात हवेचा दाब शिकवला, तेव्हा माझं बोट बाकावर आपोआप घट्ट दाबलं गेलं.