मिस्तरीची बंद मूठ

दगडू मिस्तरी गेल्याचा निरोप म्हसावदचा एक गाडीवान घेऊन आला, तेव्हा मी आधी त्यालाच उलटं विचारलं, तुला कोणी धाडलं? माझा स्वभावच असा. कुणी सरळ बोललं तरी मला त्यात काहीतरी काळंबेरं दिसतं. मिस्तरी खरंच गेला होता... त्याला आता महिना झाला.

लढाईच्या वर्षांत रनाळ्यात आमचा एकच ट्रक होता. वडिलांच्या मागे तो मी चालवायचो आणि शब्द आईचा चालायचा. तिसरा गियर निसटायला लागला म्हणून मिस्तरीला बोलावलं. त्याच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. पण शहाद्याचा एक ट्रकवाला त्याला आपल्याकडे ओढतोय, असं कानावर आलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. तीन दिवस मी त्याच्या पान्यांवरसुद्धा नजर ठेवून होतो. केबिनच्या तळाच्या फळ्या काढून त्याने गियरबॉक्स उतरवला, दुरुस्त केला, परत बसवला. गाडीचं उघडलेलं पोट झाकायच्या आधी नारळ फुटला पाहिजे, ही त्याची रीत. तो नारळ त्याने आईच्या हातात दिला. "माय, तूच फोड. गाडी तुन्ही शे." आई विधवा, ती मागे सरली. तो काही ऐकेना. शेवटी तिने आतल्या लोखंडी पट्टीवर नारळ फोडला आणि मग फळ्या बसल्या.

दुसऱ्या दिवशी कापूस भरला आणि क्लचचं पेडलच दबेना. मी दोन्ही पायांनी जोर लावला, छे. मिस्तरीने शांतपणे फळ्या काढल्या, पेडलखालचा दांडा सोडवला. पेडल मोकळं हललं. म्हणजे दुखणं खाली, असं म्हणत तो ट्रकखाली शिरला, क्लचच्या घराच्या फटीत बोटं घालून चाचपत राहिला. काहीतरी निघालं. ते मुठीत धरून त्याने थेट खिशात घातलं. दांडा जोडला, पेडल लोण्यासारखं चालू लागलं. खिशात काय घातलं, असं मी विचारलं.

"काही नई भाऊ, कचरा व्हता."

कचरा कुणी खिशात घालतं का? मी तडक चावडीवर गेलो आणि दहा माणसांत सांगितलं, की आमचा ट्रक अडावा म्हणून यानेच आत पाचर मारली, शहाद्याचं मीठ खाल्लंय याने. तो मागे येऊन उभा होता. एक अक्षर बोलला नाही. हत्यारं गोळा केली आणि गेला. त्यानंतर कुणी त्याला इंजिनाला हात लावू दिला नाही. म्हसावदला तो बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवत राहिला. तसला हात... आणि बैलगाड्या.

निरोप आला म्हणून दहाव्याला गेलो. खरं सांगतो, तिथेही मी घरात शहाद्याच्या ट्रकवाल्याची काही खूण दिसते का, हेच शोधत होतो. मिस्तरीच्या बायकोने मला ओळखलं. फटीतून निघाली ती नारळाच्या करवंटीची कपची होती, तिने सांगितलं. मग तेव्हा बोलला का नाही, असं मी विचारलं. "इधवा बाईन्हा हात लागना म्हनीसन गाडी अडकनी, आसं लोकं म्हनतीन. त्यापेक्षा मन्हं नाव जाऊ दे, आसं म्हने."

घरी येताना मी ठरवलं होतं, की आईला हे कळू द्यायचं नाही. मिस्तरीचं नाव धुवायचं तर आईचा हात पुढे येणार, आणि गप्प बसलो तर तो मेल्यावरही दगाबाज. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच खोदून खोदून काढून घेतलं.

"तो नारय मन्ह्या हातन्हा व्हता," ती म्हणाली. "जठे तू त्यान्हं नाव खराब करं, तठेच माले लई चाल."

मी नेलं. जन्मात कधी चावडीची पायरी न चढलेली माझी आई तिथे उभी राहिली आणि नारळ कुणी फोडला, करवंटी कुठे अडकली, मिस्तरी का गप्प बसला, सगळं स्वच्छ सांगितलं. मला वाटलं होतं, आता हिच्याकडे बोटं उठतील. कुणीही आईकडे पाहिलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते.