आमच्या सोसायटीचा आनंददायी इतिहास

प्रोजेक्ट संपला, मार्क मिळाले, फाइल शाळेच्या कपाटात गेली. तरी आम्ही तिघं कुठेही भेटलो की कोणीतरी म्हणतंच, "यार, ती सापाची गोष्ट सांग ना." एक सांगितली की तिच्यामागून दुसरी येते. आता इतके किस्से साठलेत की कोणासमोर कुठले सांगायचे, हे आधी ठरवावं लागतं. इथे सगळेच सांगतो.

तिघं म्हणजे मी, कशिश आणि ओंकार. तेव्हा अकरावीत, एकाच वर्गात, दिल्लीतल्या द्वारकाच्या एकाच सोसायटीत. ओंकारच्या घरी मराठी बोलतात, पण 'उंबरठा' म्हणजे काय ते त्याला गूगल करावं लागतं. कशिश पंजाबी. तिला मराठीतल्या फक्त शिव्या येतात. त्या मी शिकवल्या.

*

हिस्ट्रीच्या मॅमनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं की प्रोजेक्ट वर्षभराचा आहे, विषय 'माझ्या परिसराचा इतिहास', आणि तो एन्जॉय करायचा. करायचा म्हणजे करायचाच. दर महिन्याला एक फॉर्म भरायचा, त्यात पाच स्मायली. चारपेक्षा कमी स्मायलींवर टिक केलं तर पालकांना बोलावणार, तुमचं मूल खूश का नाही म्हणून.

मी हात वर केला. "मॅम, गुस्सा आया तो कहाँ टिक करें?"

मॅमनी फॉर्म खरंच उलटसुलट करून बघितला.

"गुस्से का कॉलम नहीं है, बेटा. हिस्ट्री में गुस्सा किस बात का?"

अर्ध्या वर्गाने लाल किल्ला घेतला, उरलेल्यांनी कुतुबमिनार. आम्ही आमची सोसायटी घेतली, कारण कशिशला बसमध्ये उलटी होते.

*

सोसायटी माझ्या ताईपेक्षा थोडीशीच मोठी आहे. एवढ्याशा वयाला इतिहास कुठून आणायचा, म्हणून आम्ही जुन्या रहिवाशांच्या मुलाखती घेत सुटलो. प्रत्येक अंकलची सुरुवात एकच. "यहाँ तो जंगल था जी." आणि त्या जंगलातला साप प्रत्येकाने स्वतःच्या हाताने मारलेला.

ग्राउंड फ्लोअरवरच्या अंकलचा साप वीतभर होता. तिसऱ्या मजल्यावर तो काठीएवढा झाला. पाचव्यावर त्याला फणा आला. सातव्या मजल्यावरच्या सूद आंटींचा अजगर होता, तो त्यांच्या दारात येऊन बसला होता.

ओंकारने विचारलं, "आंटी, लिफ्ट से आया?"

"लिफ्ट तब लगी कहाँ थी? सीढ़ी से आया, बेचारा."

ओंकारने ग्राफ काढला. आडवा अक्ष मजला, उभा अक्ष सापाची लांबी. रेष सरळ वर. मॅमनी तो सॉफ्टबोर्डवर लावला आणि बाकी वर्गाला म्हणाल्या, "देखो, इसे कहते हैं डेटा."

आम्ही पाच स्मायली टिक केल्या. तोपर्यंत खऱ्या होत्या.

*

गेटजवळ संगमरवराचा एक दगड आहे. वर लिहिलंय 'संस्थापक सदस्य', खाली नावं. रोज त्याच्यासमोरून जातो, पण दगड कोण वाचतं? ओंकार नावं उतरवून घेत होता, तो थांबला.

"ए, तुझे आजोबा फर्स्ट सेक्रेटरी होते ना? त्यांचं नाव कुठंय?"

होते. आम्ही विदर्भातले, बौद्ध. आजोबा भंडाऱ्याहून दिल्लीला सरकारी नोकरीत आले. ऑफिसातल्या लोकांनी मिळून सोसायटी काढली, तेव्हा जमिनीसाठी रजिस्ट्रारच्या ऑफिसात खेटे आजोबांनी घातले. लहानपणापासून हे मी इतक्या वेळा ऐकलंय की ऐकणंच बंद केलं होतं.

दगडावर ते नव्हते. शेवटच्या ओळीत मार्बलवाल्याचं नाव मात्र होतं, फोन नंबरसकट.

घरी आजोबा मटार सोलत बसले होते. मी विचारलं, "आजोबा, गेटवरच्या दगडावर तुमचं नाव का नाही?"

"दगड छोटा होता."

"मार्बलवाल्याचं बसलं की."

"त्याचं नाव छोटं असेल." त्यांनी एक शेंग माझ्या हातात दिली. "जाऊ दे रे. तुझे मार्क बघ."

मला राग आला की मी फार नम्र होतो. आईला हे माहीत आहे. मी "बरं, आजोबा" म्हणालो, तशी ती किचनमधून बाहेर आली. "काय करणारेस?"

"प्रोजेक्ट."

*

क्लबरूममध्ये भूमिपूजनाचा फोटो आहे. सगळे संस्थापक ओळीत उभे. फोटो मोठा, फ्रेम लहान, म्हणून एक कड कापलेली. कडेला कोणाचं तरी कोपर दिसतं, नागमोडी नक्षीच्या स्वेटरमधलं. तो स्वेटर आजीने विणलाय. आजोबा अजून जानेवारीत तोच घालतात.

कशिशने फोटोच्या काचेला नाक लावून बघितलं. मग म्हणाली, "तेरे दादाजी हैं इसमें. थोड़े-से."

आम्ही कोपराचा फोटो काढला, पानभर मोठा केला, फाइलमध्ये लावला. खाली टाइप केलं, 'श्री. नामदेव गजभिये, पहिले सेक्रेटरी (कोपर)'.

आजोबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. आजी हसली नाही. तिने चष्मा लावून पान जवळ धरलं. "अख्खा स्वेटर विणला होता मी," ती म्हणाली. "दिसतोय किती."

*

सोसायटीचे प्रेसिडेंट खुराना अंकल. तेही संस्थापक, दगडावर पहिलं नाव. आम्ही त्यांची मुलाखत घ्यायला गेलो. आंटी कोल्ड्रिंक घेऊन आल्या. कशिशला काचेचा ग्लास, ओंकारला काचेचा ग्लास, मला कागदी कप.

"ग्लास कम पड़ गए, बेटा."

मागे काचेचं कपाट होतं. त्यात ग्लास इतके की लग्न उरकलं असतं.

कशिशने माझ्या हातातून कप घेतला आणि तिचा ग्लास मला दिला. "आंटी, मुझे इसी में अच्छा लगता है. घर में कोई देता ही नहीं." आणि आवाज करत प्यायली.

मी अत्यंत नम्रपणे विचारलं, "अंकल, पत्थर पे दादाजी का नाम क्यों नहीं है?"

"अरे, पुरानी बातें. हम तो ये जात-वात मानते ही नहीं." जातीचं कोणी विचारलंच नव्हतं. "और तुम्हारे दादाजी तो बड़े सीधे आदमी हैं. नाम के भूखे नहीं हैं."

म्हणजे आजोबांना भूक किती लागते, तेही यांनीच ठरवलं.

लिफ्टने खाली आल्यावर ओंकार म्हणाला, "मला वाटायचं कास्ट फक्त पुस्तकात असते. लास्ट चॅप्टर."

मी म्हटलं, "तो तर या वर्षी परीक्षेला नाहीये."

*

त्या महिन्यात मॅमनी फाइल चाळली. कोपराच्या पानावर थांबल्या. मुलाखतीचं पान वाचलं, कपासकट.

"बेटा, ये हिस्सा थोड़ा निगेटिव हो गया. साँप वाला कितना प्यारा था. वैसा कुछ करो ना."

"मॅम, ये भी साँप वाला ही है."

मॅमना पटलं नाही. पान काढायला लावलं. स्मायलींचा फॉर्म मी कोरा दिला. आईला शाळेत बोलावलं. आई सुट्टी टाकून गेली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मॅम, खुश तो मैं भी नहीं हूँ. मेरा फॉर्म कहाँ है?"

पान परत फाइलमध्ये गेलं. तरी मॅमचं एक वाक्य माझ्या डोक्यात बसलं. काहीतरी एन्जॉयेबल करा. ठीक आहे.

*

आम्ही 'हेरिटेज वॉक' सुरू केला. जुन्या इमारतींबाहेर असतात तसे निळे बोर्ड बनवले आणि सोसायटीभर लावले. 'संरक्षित स्मारक : पाण्याची टाकी.' 'ऐतिहासिक पार्किंग. येथे दोन कुटुंबांत युद्ध झाले व अद्याप चालू आहे.' 'अजगर जिना.'

आम्हाला वाटलं ओरडा बसेल. लोक सेल्फी काढायला लागले. चौथ्या मजल्यावरचे एक अंकल येऊन विचारून गेले, "हमारी बालकनी का भी कुछ हो सकता है?" दुसऱ्यांनी हळूच विचारलं की हेरिटेज झाल्यावर फ्लॅटचा रेट वाढतो का.

खुराना अंकल इतके खूश, की त्यांनी स्थापना दिवसाचा प्रोग्राम आमच्याकडेच दिला. सर्व संस्थापकांचा सत्कार, शाल आणि मोमेंटो.

"किस-किस को बुलाना है, अंकल?"

ते माझ्याकडे बघत म्हणाले, "पत्थर पे जिनके नाम हैं, सबको कार्ड. न एक कम, न एक ज़्यादा."

"जी, अंकल," मी म्हणालो. फारच नम्रपणे.

*

पत्थर पे जिनके नाम हैं, सबको कार्ड. आम्ही मार्बलवाल्यालाही कार्ड दिलं. ते आता म्हातारे झालेत, दुकान मुलगा चालवतो. ते कोट घालून आले, बायकोला घेऊन आले आणि पहिल्या रांगेत बसले.

कशिश निवेदन करत होती. दगडावरच्या क्रमाने एकेक नाव. खुराना अंकल शाली घालत होते. शेवटचं नाव पुकारलं, म्हातारे स्टेजवर आले, आणि शाल घालून झाल्यावर खुराना अंकलच्या लक्षात आलं की हे कोण, ते आपल्याला माहीत नाही.

म्हाताऱ्यांनी माइक हातात घेतला. "आप सबका धन्यवाद. मुझे तो कार्ड आया, तब पता चला कि ये सोसायटी मैंने बनाई है."

जोरात टाळ्या पडल्या. त्या संपल्यावर सूद आंटी उभ्या राहिल्या.

"खुराना साहब, पत्थर वाला फाउंडर है. तो गजभिये जी क्या हैं?"

माइक चालू होता, त्यातून फक्त पंख्याचा आवाज येत होता. आजोबा तिथे नव्हतेच. त्यांना कार्ड नव्हतं.

*

पुढच्या रविवारी खुराना अंकल आमच्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातात मिठाईचा डबा. म्हणाले, कमिटीने ठरवलंय, नवा दगड लावायचा, त्यात गजभिये जींचं नाव येणार. "आप बस स्पेलिंग बता दीजिए." खिशातून कागद आणि पेन काढलं.

मला वाटलं आजोबा म्हणतील, जाऊ द्या. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"लिखिए. डी. के. वासनिक."

अंकलनी लिहिलं.

"सुखदेव रामटेके. हरिचंद जाटव. मोहनलाल वाल्मीकि."

ही नावं मी कधी ऐकली नव्हती. बाबांकडे बघितलं, त्यांनीही नव्हती. आजी दारात येऊन उभी राहिली. तिने ऐकली होती.

अंकलचं पेन थांबलं. "गजभिये जी, ये लोग तो यहाँ कभी रहे ही नहीं."

"मेंबर थे. मेरे साथ थे, पहले दिन से. रहने किसने नहीं दिया?"

आजोबांचा आवाज चढला नव्हता. अंकल उभेच होते. आमच्या घरात आलेल्या माणसाला बसा म्हणतात. कोणी म्हटलं नाही.

आजोबा पुढची नावं सांगत गेले. लहान मुलाला शुद्धलेखन घालतात तसं, एक लिहून होईपर्यंत थांबायचे, मग पुढचं. कागदाची एक बाजू भरली. अंकलनी तो उलटला.

मग आजोबांनी रिमोट उचलला.

अंकलनी हळूच विचारलं, "और आपका नाम? किस नंबर पे लिखूँ?"

"पहले ये लगाकर आइए."