नऊ नंबरची कोरी वही

चार शहरं समुद्राकाठी खेटून बसलेली, आणि चौघांचं एका बाबतीत जमेल तर शपथ. एकाने दिव्याचे खांब हिरवे रंगवले म्हणून दुसऱ्याने निळे रंगवले. बससेवा तेवढी चौघांत मिळून एक, तीही प्रेमापोटी नव्हे. स्वतःची कुणालाच झेपेना म्हणून. त्यामुळे डेपो एक, साहेब एक आणि भांडणं चार.

नऊ नंबर ही चारही शहरांतून जाणारी एकुलती एक गाडी. बंदरावरून सुटायची, कचेऱ्या, दवाखाना, शाळा असं करत दीपगृहापाशी टेकायची. कागदावर एक तास वीस मिनिटं. प्रत्यक्षात किती, हे विचारायचं नाही.

या गाडीवर बाई बावीस वर्षं कंडक्टर होत्या. त्यांना नावाने हाक मारणारा एकच माणूस, त्यांचा नवरा, तोही चिडला तरच. बाकी सगळ्या जगाच्या त्या बाई. बाईंनी तिकिटं फाडली, घंटा वाजवल्या, ते सगळेच कंडक्टर करतात. बाईंची खरी कला वेगळी होती.

प्रत्येक गाडीत कंडक्टरच्या सीटखाली एक तक्रारवही असते, सुतळीने बांधलेली. प्रवाशाने मागितली की द्यावीच लागते, नियमच आहे तसा. पण त्याला मागावीशी वाटू नये, यासाठी खटपट करायला कुठल्याही नियमाने बंदी घातलेली नाही. बाईंनी बावीस वर्षं तेवढंच केलं.

एखादा लालबुंद होऊन आत शिरायचा. "चाळीस मिनिटं उभा आहे मी! वही द्या!"

"देते की," बाई म्हणायच्या. "द्यायलाच बसलेय मी. पण उभ्याने लिहिलंत तर अक्षर बिघडेल, आणि आमच्या साहेबांना छापलेलंसुद्धा नीट वाचता येत नाही. या, खिडकीशी बसा. चाळीस मिनिटं उभं राहिलात? पाय सुजले असतील हो! घरी आहे का कुणी चेपून द्यायला?"

आता अशा बाईवर किती वेळ चिडणार? दोन थांब्यांत माणूस निवळायचा, तिसऱ्यावर हसायचा आणि चौथ्यावर बाईंनाच काळजी घ्यायला सांगून उतरायचा. वही कोरीची कोरी. दरवर्षी डेपोतून 'तक्रारमुक्त सेवा' असं प्रमाणपत्र यायचं, चौकटीसकट. भिंतीवर ती इतकी झाली की नवरा म्हणाला, "आता घड्याळ लावायला खिळा कुठे ठोकू, तुझ्या कपाळावर?" बाईंना राग आला नाही. त्या नवीन चौकट पुसत होत्या.

आणि एका सोमवारी डेपोच्या फळ्यावर नोटीस लागली. येत्या एक तारखेपासून नऊ नंबर बंद.

बाई तडक साहेबांच्या केबिनमध्ये. साहेब पंख्याखाली फाइल चाळत होते.

"साहेब, चेष्टा करताय काय? गाडीत पाय ठेवायला जागा नसते!"

"असेल. पण सगळे पासवाले ना? पास चारही शहरांत चालतो. तो कुठल्या गाडीत दाखवला, याची नोंद होत नाही. मग गरज आहे की नाही, हे मुख्य कचेरीने ओळखायचं कसं? तक्रारींवरून." साहेबांनी फाइल फिरवून दाखवली. "चार नंबर बघा, वर्षाला तीनशे तक्रारी. लोक रडतात, ओरडतात, म्हणून दोन नव्या गाड्या मिळाल्या. तुमच्या नऊला बावीस वर्षांत शून्य. मुख्य कचेरीचा शेरा वाचा: 'या मार्गाबाबत कुणालाच काही वाटत नाही.'"

नऊ नंबर गेली तर दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्यांना तीन गाड्या बदलाव्या लागणार. शाळेतली पोरं तर अर्ध्या वाटेतच राहणार.

"मग करायचं काय?"

"महिनाअखेरपर्यंत पन्नास तक्रारी आणा. आणि बाई, त्या खऱ्या वाटल्या पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी खच्चून भरल्यावर बाई मधोमध उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ऐका हो सगळ्यांनी! माझ्याविरुद्ध तक्रार करा!"

मग रोजचे मास्तर, निवृत्त होऊनही सवयीने शाळेपाशी उतरणारे, हळूच म्हणाले, "बाई, रात्री झोप झाली नाही का?"

बाईंनी सगळं समजावून सांगितलं. लोक हळहळले, नऊ नंबर गेली तर आमचं कसं, असं म्हणाले आणि मन लावून लिहायला बसले. संध्याकाळी बाईंनी वही साहेबांपुढे ठेवली. पहिलीच तक्रार मास्तरांची: 'बाई अत्यंत प्रेमळ आहेत. ही तक्रार समजावी.' खाली तेवीस सह्या.

साहेबांनी हात टेकले. "ही तक्रार नाही, कौतुक आहे. कौतुकाची वही वेगळी असते, आणि ती कुणी वाचत नाही."

मग बाईंनी दुष्टपणा करून बघितला. एकाचा पाय आत यायच्या आत घंटा मारली. त्यानेच उलट माफी मागितली, "माझंच चुकलं, बाई, रेंगाळलो." एका प्रवासी बाईवर खेकसल्या, तर तिने पर्समधून डोकेदुखीचं मलम काढून दिलं. ड्रायव्हर बारा वर्षं बाईंबरोबर होता आणि बारा वर्षांत बारा वाक्यं बोलला असेल. तो मागे वळून म्हणाला, "तुम्हाला नाही जमायचं ते." त्या दिवशी बाईंना खरोखरच रडू आलं. बावीस वर्षं घासून घासून केलेलं नाव आता नऊ नंबरच्या जिवावर उठलं होतं.

महिना संपायला चार दिवस उरले. दवाखान्याच्या थांब्यावर एक शिंपीण चढायची, गप्पगप्प असायची, कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन. तिने वही मागितली.

"खरं लिहू, बाई?"

"खरंच लिही गं. काय वाटेल ते लिही."

शिंपीण लिहायला लागली आणि तिचा थांबा आला तरी उठली नाही. लिहून झाल्यावर तिने वही पुढच्या सीटवर दिली. पुढच्याने शिंपिणीने काय लिहिलंय ते वाचलं, बाईंकडे पाहिलं, नजर चुकवली आणि पेन मागितलं. मग वही जी फिरायला लागली ती थांबेना. लोकांचे थांबे हुकले. दीपगृहापाशी गाडी रिकामी व्हायची ती तशीच भरलेली परत निघाली. मास्तरांनी एकट्याने दीड पान घेतलं.

बाई हरखून गेल्या. डेपोत पोचल्यावर बाकड्यावर बसून त्यांनी तक्रारी मोजल्या. एकाहत्तर! मग वाचायला घेतल्या.

'पावसात छत गळतं. सांगायला गेलं की बाई छत्रीवरून विनोद करतात.' 'गाडी रोज उशिरा येते, त्यामुळे माझी नोकरी गेली. सांगणार होतो, पण बाईंनी माझ्या पोरांची चौकशी केली, मग बोलवेना.' मास्तरांनी लिहिलं होतं, 'अकरा वर्षांत या बाईंनी मला एकही वाक्य पुरं करू दिलेलं नाही.' आणि शिंपिणीचं होतं, 'मागच्या दाराची पायरी चार वर्षं मोडलेली आहे. माझी आई तिथून पडली. मी वही मागितली तेव्हा बाईंनी मला हसवलं. मी हसले, याची मला अजून लाज वाटते.'

बाईंनी ते तीनदा वाचलं. त्यांना शिंपिणीची आई आठवेना. हसवलेलं तर मुळीच आठवेना. अशी किती माणसं त्यांनी हसवली होती!

साहेबांनी वही वाचली आणि चष्मा काढला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "बाई, गाडी वाचली म्हणून समजा. पण हे पायरीचं पान मुख्य कचेरीत गेलं तर तुमची चौकशी लागेल. सत्तर पुरेशा आहेत. फाडा ते."

बाईंनी पान हातात धरलं. क्षणभर त्यांना वाटलं, फाडावं. कुणाला कळणार होतं? मग त्यांनी वही मिटून साहेबांकडे सरकवली. "राहू द्या. बावीस वर्षं हेच केलं मी, फक्त कागद फाडावा लागला नाही."

नऊ नंबर वाचली. महिन्याभरात नवी गाडी आली, खाली टेकणाऱ्या पायरीची, वेळेवर धावणारी. चारही शहरांनी ती आपल्यामुळे आली असं जाहीर केलं. चौकशीत बाई दोषी ठरल्या आणि त्यांना पासाच्या खिडकीवर बसवलं. प्रमाणपत्रं डेपोने परत मागवली, नुसती. चौकटी ठेवून घ्या म्हणाले.

पासाच्या खिडकीत बाई फारशा बोलत नसत. फॉर्म घ्यायचा, शिक्का मारायचा. एके दिवशी जाळीपलीकडून गाठोडं दिसलं. शिंपीण पास वाढवायला आली होती. बाईंनी फॉर्म घेतला आणि शिक्का हातातच राहिला.

"आई कशी आहे गं तुझी?"

शिंपिणीने मान वर केली. "आई जाऊन तीन वर्षं झाली, बाई. पडली ती उठलीच नाही."

"अगं, मला सांगायचंस!"

"तेच सांगायला चढले होते, तुम्ही मला हसवलंत त्या दिवशी," शिंपीण म्हणाली.