तुमचं चाकूर गेलं की!

चाकूरचं तिकीट काढून मी अहमदपूरपर्यंत गेले होते. डोळा लागला म्हणून नव्हे; चांगली टक्क जागी होते. चाकूरला नणंदेचं डोहाळजेवण माझ्यासाठी खोळंबलं होतं, तिच्या ओटीचा खण-नारळ माझ्याच पिशवीत होता. हे ऐकून नातवंडं विचारतात, "आजी, तू येडी होतीस का?" होते. चांगली शिकलेली येडी होते.

कारण महादेवीअक्का. लातूरला नांदेडची गाडी लागली आणि मी त्यांच्या शेजारी जागा धरली. कपाळावर विभूतीचे पट्टे, मांडीवर डबा, चेहऱ्यावर दुपारच्या ओसरीचा निवांतपणा. मी लग्न होऊन लातुरात नवीनच आलेली. अख्ख्या गल्लीत मनातलं बोलायला कुणी नव्हतं. या बाईनं आपल्याशी बोलावं असं इतकं वाटलं, की तोंडातून शब्दच फुटेना. शेवटी फुटला तो असा : "आज ऊन आहे, नाही?" भर बाराच्या उन्हात!

"हाव, हाय की," अक्का म्हणाल्या. "ते ऱ्हाऊ दे. सकाळी भाजी काय केलतीस?"

"मेथी."

मग मेथीवरून आईचं परसू निघालं, परसावरून आई, आईवरून माझे डोळे भरून आले. "नाव-गाव तलाठी इचारतो," अक्का म्हणत. "माणसानं भाजी इचारावी. भाजीमागं समदं घर येतंय."

बाहेर करडईची पिवळी रानं सरकत होती, गाडी पाळण्यासारखी हलत होती. अक्का उदगीरच्या त्यांच्या बहिणीच्या लग्नाची गोष्ट सांगत होत्या. नवरदेवाचा घोडा मांडवाकडं वळायचं सोडून भलत्याच घराकडं निघाला होता. मधेच त्यांनी विचारलं, "तुला कुठं उतरायचंय?"

"तुम्हाला?"

"नांदेडला. लेकीकडं."

"मलाही!" मी म्हणाले.

चाकूर आलं. कंडक्टरनं हाळी दिली. या गावाचं नावच कधी ऐकलं नसावं, अशा चेहऱ्यानं मी खिडकीबाहेर पाहत राहिले. गाडी बरीच पुढं गेल्यावर कंडक्टर आला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "ओ ताई, तुमचं चाकूर गेलं की!"

अक्कांनी एकदा माझ्याकडं, एकदा पिशवीतून डोकावणाऱ्या ओटीच्या नारळाकडं पाहिलं आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. अहमदपूरला माझ्यासोबत उतरल्या. स्वतःची गाडी सोडून मला परतीच्या गाडीत बसवलं.

"पण घोडा कुणाच्या दारात थांबला?" मी खिडकीतून विचारलं.

"समदं एका दमात बोलू नये, पोरी. थोडं ठेवावं. म्हंजे माणूस परत येतंय. लातुरात आमच्या दुकानावर ये."

मी गेले, जातच राहिले. किराणा दुकानात पोत्याला टेकून अक्का येणाऱ्या-जाणाऱ्या नव्या माणसाला भाजी विचारत. फ्रीज विकायला आलेला टायवाला गडीसुद्धा बायको माहेरी गेल्याचं सांगून, चहा पिऊन गेला. घोडा मात्र कधीच पोचला नाही. गोष्ट रंगात आली, की नेमकं गिऱ्हाईक यायचं.

पुढं थकल्यावर लेकीनं त्यांना नांदेडला नेलं. गेल्या हिवाळ्यात भेटायला गेले. चाकूर आलं तेव्हा मी खिडकीबाहेर पाहून एकटीच हसले.

अक्का डोळे मिटून पडल्या होत्या. लेक हळूच म्हणाली, "आता कुणाला वळखत न्हाई, मावशी." मी उशाशी बसले. बऱ्याच वेळानं अक्कांनी डोळे उघडले.

"भाजी काय केलतीस?"

"मेथी," मी म्हटलं. मनाशी म्हटलं, विसरल्या तर विसरू देत, पुन्हा नवी ओळख करू.

"कुठं उतरायचंय तुला?"

"तुम्ही उतराल तिथं."

अक्कांनी माझा हात दाबला. ओठांच्या कोपऱ्यात अहमदपूरचं तेच हसू.

"न्हाई, पोरी. ह्या बारीला तू गुमान चाकूरला उतर. माझं तिकीट लई पुढचं हाय. आन् घोड्याचं म्हनशील, तर थोडं ठेवलंय. तिकडं आलीस की सांगते."