तळहातावरचा घोट

वेणूआत्या चिडली की तिच्या म्हशी पान्हा चोरतात. आमच्या गव्हाण गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. गोठ्यातून बादली अर्धीच बाहेर आली की आतोबा, म्हणजे तिचे यजमान कमलाकर, कुणाला काही न विचारता टोपी घालून देवळाच्या कट्ट्यावर निघून जातात. या जानेवारीत ते इतक्या वेळा गेले, की पुजाऱ्याला वाटलं, माणूस उतारवयात देवधर्माला लागला.

आत्या साठीची. विमानतळासाठी जमिनी गेल्या तेव्हा आमच्या लोकांनी बंगले बांधले, बंगल्यांना आईबापांची नावं दिली आणि आईबापांना मागच्या खोलीत ठेवलं. आत्यानेही बंगला बांधला, पण त्याआधी गोठा बांधला. पंखे पहिले गोठ्यात लागले. पाच म्हशी. शेजारच्या बायका नाकाला पदर लावून म्हणायच्या, “वेणू, आता शेन काढायचं दिवस गेलं गो.”

“शेनाचा वास येतो तुमाला?” आत्या म्हणायची. “मना तुमच्या अत्तराचा येतो. मी बोलते काय?”

अर्थात हे बोलूनच ती बोलत नसे.

तिचं दूध जायचं नवीन पनवेलच्या एका सोसायटीत. चार विंगांत मिळून बत्तीस गिऱ्हाईक घरं. माझी कंटेनर यार्डातली ड्युटी दुपारची, म्हणून सकाळी कॅन माझ्या स्कूटरवर आणि आत्या मागे. न्हावा शेव्याच्या ट्रेलरवाल्यांना ती मागूनच हात दाखवते. ट्रेलर थांबतात. मी हॉर्न वाजवला तर थांबत नाहीत.

नऊ वर्षांपूर्वी त्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. कुठल्या तरी गावात दुधात साबणाची पावडर कालवत होते. गाव कुठलं, माणूस कोण, काही पत्ता नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर दहा-बारा जणं उभी. आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग कॅनचं झाकण काढलं, तळहाताचा खोलगट द्रोण केला, त्यात दूध ओतलं आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकलं. म्हणाली, “मेले तर मी पयली मरंन. मंग तुमी घेऊ नका.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथेच चुकलं. टाळ्या वाजल्या की माणूस दुसऱ्या दिवशीही तेच करतो. रोजचा पहिला घोट आत्याचा, असा रिवाजच पडला. ए विंगने बघितलेल्यावर बी विंगचं समाधान होईना, म्हणून बी विंगखाली दुसरा घोट. मग सी, मग डी. बाल्कनीतून लोक बघायचे. नवीन भाडेकरू आला की जुने त्याला सांगायचे, “आमची दूधवाली आधी स्वतः पिते हं!” कौतुक असायचं त्यात, नाही असं नाही. पण आत्या दूध पिते म्हणून दूध चांगलं, एवढंच ते. आत्याचं काय होतं, हा प्रश्न त्यात नव्हता.

गेल्या पावसाळ्यात आत्याचं पोट बिघडलं ते सुधरेना. सोसायटीतून परत येताना गव्हाण फाट्याच्या अलीकडे दोनदा स्कूटर थांबवायला लावायची. घरी ओवा, हिंग, गरम पाणी. विचारलं तर म्हणे, “मेथी बाधली.” आठवड्यातून चार वेळा मेथी बाधणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होतो, त्यातून घरात मेथी एकदाच शिजायची. दिवाळीपर्यंत ब्लाउज सैल झाले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. शेवटी तिची सून मनस्वी, जी उलव्यात मेडिकलच्या दुकानात काम करते, तिला ओढत डॉक्टरकडे घेऊन गेली. ओढायला मी होतो.

डॉक्टरने तपासण्या केल्या, रिपोर्ट बघितले आणि सरळ सांगितलं, “मावशी, तुम्हाला दूध पचत नाही. वाढत्या वयात पुष्कळांचं होतं. दूध बंद करा, बरं वाटेल. रोज किती पिता?”

“चा. आनी सकाली चार घोट.”

“उकळून ना?”

“कॅनमधलं.”

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. “कच्चं? रोज? कुणी सांगितलं तुम्हाला?”

आत्या गप्प. आत्या गप्प बसलेली मी त्याआधी फक्त बारशांच्या फोटोंमध्ये बघितली होती. बाहेर आली आणि जिन्यातच फुटली. “माज्या बापाच्या घरात सात म्हशी. मी दुधात वाढले. आनी हा कालचा पोर मना सांगतो, दूध पचत नाय! मी विकू काय मंग, सांग? दूधवालीच दूध पीत नाय म्हनल्यावर कोन घेल माजं दूध? म्हनतील, हिच्या दुधातच कायतरी हाय!”

भीती ही होती. पोटाची नव्हे. नऊ वर्षं तिने आपलं नाव आपल्या तळहातावर कमावलं होतं, आणि आता तो हात तोंडाला लावायचा नव्हता.

घरात मनस्वीने प्रयोग सुरू केले. सोयाबीनच्या दुधाचं खोकं आणलं. चहात टाकल्यावर ते फाटलं. आत्या म्हणाली, “बग, त्यालापन लाज वाटली.” मग बदामाचं आणलं. ते फाटलं नाही, पण आत्याने खोक्यावरची किंमत मनस्वीकडून वाचून घेतली आणि कप तसाच पुढे सरकवला. “याच्यात म्हस येते काय सोबत?” ओटचं दूध तिने वासावरच म्हशीकडे पाठवलं. म्हशीने तोंड फिरवलं. आत्याचं घरात एवढं एकच जण ऐकतं.

शेवटी तीच म्हणाली, “येवडं खोकं कशाला? नारलाचा रस काड की.”

गणपतीत घावनांबरोबर आमच्याकडे नारळाचा रस असतोच. मनस्वीने खोबरं वाटलं, पिळलं, फडक्यातून गाळलं. पहिला दाट रस चहाला, दुसरा पातळ भाताच्या पेजेत. पंधरा दिवसांत आत्याचं पोट थाऱ्यावर आलं. महिन्यात बांगड्या मनगटावर आल्या. आतोबांनी चोरून त्या चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाले, “सणासारखा लागतो.” त्यावर आत्या त्यांना जे बोलली ते इथे लिहीत नाही.

आणि रस सुरू झाला त्याच दिवसापासून आत्याने ती गोष्ट केली. मला सांगून केली, म्हणून मीही त्यात आहे.

पितळेचा एक छोटा तांब्या घेतला, त्यात दाट रस भरला आणि कॅनच्या कडीला आतल्या बाजूने अडकवला. गेटवर झाकण उघडायची, हात आत घालायची आणि तांब्यातला रस तळहातावर ओतून पिऊन टाकायची. पांढरं ते पांढरं. बाल्कनीतून काय कळणार? मी म्हटलं, “आत्या, ही लबाडी झाली.”

“दुदात पानी घातलं काय मी?”

“नाही.”

“मंग गाडी चालव.”

दीड महिना चाललं. जानेवारीत थंडी पडली. पनवेलच्या मानाने बऱ्यापैकी. हिवाळ्यात खोबरेल बाटलीत गोठतं, हे आमच्या घरात पाळण्यातलं मूलही जाणतं. पण त्या सकाळी ते माझ्याही डोक्यात आलं नाही आणि आत्याच्याही. डी विंगखाली तिने रस तळहातावर ओतला आणि त्याच्याबरोबर पांढऱ्या गुठळ्या आल्या. समोर कीर्ती मॅडम योगाची चटई काखेत घेऊन उभ्या.

कीर्ती मॅडम पाचव्या मजल्यावर राहतात. त्यांनी दोन वर्षांपूर्वीच दूध सोडलं. सोडलं ते गुपचूप नव्हे, जाहीर सोडलं. त्यांचा सकाळचा एक आरोग्य ग्रुप आहे. त्यात दुधाने त्वचा, दुधाने सांधे, दुधाने झोप यांचं काय होतं हे रोज सात वाजता कळतं. त्यांच्या घरी बदामाच्या आणि नारळाच्या दुधाची खोकी येतात. आत्याकडून त्या फक्त नवऱ्यासाठी अर्धा लिटर घ्यायच्या. अख्ख्या सोसायटीत त्या गुठळ्या ओळखू शकेल अशी ती एकच बाई, आणि तीच समोर.

“वेणूताई, हे कोकोनट मिल्क आहे!” मॅडम म्हणाल्या. आवाजात आधी आनंदच होता. मग त्यांनी कॅनमध्ये बघितलं, तांब्या बघितला, आणि मोबाईल काढला.

आम्ही खांदा कॉलनी ओलांडेपर्यंत फोटो सोसायटीच्या ग्रुपवर होता. खाली लिहिलेलं: दूधवाली स्वतःचं दूध पीत नाही. का? मग बाकीच्यांनी त्या ‘का’ची उत्तरं दिली. युरिया. इंजेक्शन. एकाने तर साबणाचा तोच नऊ वर्षं जुना व्हिडिओ पुन्हा टाकला. दुपारपर्यंत बत्तीसपैकी वीस घरांनी ‘उद्यापासून नको’ कळवलं. सेक्रेटरी गुरुदत्त साहेबांनी मला फोन करून सांगितलं, उद्या सकाळी गेटवर स्पष्टीकरण द्या.

मनस्वीने सगळं वाचून दाखवलं. आत्या गोठ्यात बसून ऐकत होती. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “त्या कीर्तीनं दूध सोडलं तवा काय म्हनले लोक?”

“जागरूक आहेत म्हणाले,” मनस्वी म्हणाली.

“आनी मी सोडलं तर भेसल?”

त्या संध्याकाळी पाच म्हशींनी मिळून एक बादली दिली.

सकाळी गेटवर गर्दी. कॅन खाली ठेवायच्या आत गुरुदत्त साहेब पुढे आले. भले गृहस्थ, भांडण सुरू होण्याआधीच “आपण मीटिंग घेऊ” म्हणणारे. “वेणूताई, गैरसमज नको. रेसिडेंट्सचं म्हणणं एवढंच, की तुम्ही ट्रान्सपरंट राहायला हवं.”

“डॉक्टरनं दूध बंद केलंय माजं,” आत्या म्हणाली. “पोटाला सोसत नाय. हा कागद.” मनस्वीने प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलेला रिपोर्ट तिने पुढे केला. “मी फशवलं. ते माजं चुकलं. सांगाया पायजे होतं, भ्यायले. दूध हाय तसंच हाय.”

“ते ठीक आहे, पण विश्वास कसा ठेवायचा?” मागून कुणीतरी म्हणालं. “पीत होता तेव्हा खात्री होती.”

मी आत्याच्या मानेकडे बघत होतो. ती मागून लाल होते, मग कान लाल होतात. कान झाले. तिने कॅनमधून मापभर दूध काढलं आणि गुरुदत्त साहेबांसमोर धरलं. “मंग आजपासून तुमी प्या. पयला घोट सेक्रेटरीचा. हात करा पुडं.”

साहेबांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. “अहो… असं? हे कच्चं आहे ना. उकळल्याशिवाय कसं… इन्फेक्शन वगैरे…”

“कच्चं हाय,” आत्या म्हणाली. अगदी हळू. मग तिने माप शेजारच्या बाईसमोर धरलं, मग तिच्या शेजारच्या दादासमोर, मग कीर्ती मॅडमसमोर. कुणी हात केला नाही. एकजण म्हणाला, “गॅसवर एक उकळी आणतो, मग घेतो.”

“नऊ वरसं!” आता मात्र आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेला. “नऊ वरसं चार-चार घोट कच्चं प्याले तुमच्या दारात! तवा कुनाला उकली आठवली नाय? तुमच्या घरात दूध उकलल्याबिगर मांजरालापन देत नाय. आनी मी काय होते? मांजराच्या पलीकडची?”

कीर्ती मॅडम म्हणाल्या, “वेणूताई, आम्हाला खरंच कल्पना नव्हती…”

“तुला व्हती. दूध कुनाला सोसत नाय ते रोज सात वाजता सांगतेस ना? माजं नाव नव्हतं त्या यादीत.”

गुरुदत्त साहेब म्हणाले, “आपण रविवारी मीटिंग घेऊ.”

“घ्या. चा माज्या दुदाचा करू नका.” तिने माप परत कॅनमध्ये रिकामं केलं, झाकण दाबलं. “आजपासून मी विंगांत येनार नाय. गेटवर उभी ऱ्हानार, साडेसात वाजेपरेंत. ज्याला पायजे त्यानं भांडं घेऊन खाली यायचं. बघायचं असंल तर गोठ्यात या, संध्याकाली पाच वाजता धारा काडतो. पिऊन दाखवनार नाय. कुनालाच नाय.”

त्या दिवशी नऊ जणं भांडं घेऊन खाली आली. उरलेलं दूध मी फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला घालत आलो. वाटेत आत्याने रागारागाने माझ्या पाठीला जे बोट टोचलं ते अजून दुखतं. मीटिंग झाली की नाही, आम्हाला कळलं नाही. गोठा बघायला एकच माणूस आला, कीर्ती मॅडमचे मिस्टर. त्यांना आतोबांनी मागच्या दाराने चहा दिला.

आता एप्रिल आहे. गेटवर सतरा भांडी येतात. आत्या गेटच्या कट्ट्यावर बसते, माप मांडीवर, शेजारी तोच पितळेचा तांब्या. सगळ्यांसमोर त्यातून नारळाच्या रसाचा चहा ओतते, फुंकर मारते आणि पिते. सकाळच्या चालण्यावरून परत येताना कीर्ती मॅडम परवा थांबल्या. म्हणाल्या, “वेणूताई, त्या रसाची कृती सांगाल का? ग्रुपवर टाकते.”

आत्याने कप खाली ठेवला नाही. “आदी तो फोटो काड ग्रुपवरून,” ती म्हणाली. “मंग नारल फोडू.”